खरखरीतला ‘स’ : जुन्या विनोदी ऑपेराच्या नव्या प्रती ऐकताना

(व्याख्यानाचे शब्दांकन. व्याख्यानात जिथे ध्वनिमुद्रण ऐकवले, तिथे कंसात नोंद केली आहे. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सुरुवातीलाच एक खुलासा करतो. आज माईकसमोर तोंड एकच असलं तरी मी ‘आम्ही’ म्हणूनच बोलणार आहे. आम्ही चार-पाच जण महिन्यातल्या एका रविवारी कुणाच्या तरी घरी जुनी ध्वनिमुद्रणं ऐकायला जमतो. ऐकतो, चहा पितो, भांडतो. आज जे सांगणार आहोत ते त्या भांडणांतून निघालेलं आहे. मतं सगळ्यांची आहेत, आणि चूकही सगळ्यांचीच आहे. त्या चुकीपासूनच सुरुवात करू.

काही वर्षांपूर्वी आमच्यापैकी एकाने १९२९ सालच्या एका ध्वनिमुद्रणाची ‘रिमास्टर’ केलेली सीडी आणली. गिल्बर्ट आणि सलिव्हन यांची ‘द पायरेट्स ऑफ पेन्झान्स’. सीडी लावली आणि आम्ही चाटच पडलो. एवढं जुनं ध्वनिमुद्रण, आणि मागे चिटपाखरूसुद्धा नाही! खरखर नाही, टिकटिक नाही, सगळं कसं धुऊन-पुसून लख्ख. मग पहिल्या अंकातलं मेजर-जनरलचं ते सुप्रसिद्ध भरधाव गाणं आलं. गायक जॉर्ज बेकर. गाणं संपलं, आणि आम्ही निकाल देऊन टाकला : आवाज गोड आहे, पण माणूस शब्द खातो. विनोदी गाण्यात शब्द खाणारा गायक काय कामाचा? पुढे कितीतरी दिवस आम्ही येईल त्याला हेच सांगत होतो.

काही वर्षांनी तेच ध्वनिमुद्रण दुसऱ्या कुणीतरी तबकडीवरून उतरवलेलं आमच्या हाती आलं. यात खरखर भरपूर होती. सुरुवातीला तर तव्यावर काहीतरी परततायत असंच वाटलं. पण मेजर-जनरल तोंड उघडतो काय, आणि प्रत्येक शब्द, शब्दाचं प्रत्येक टोक, जोंधळ्याच्या दाण्यासारखं वेगळं! गायक तोच, साल तेच, ध्वनिमुद्रणही तेच. मग शब्द खाल्ले होते कुणी? बेकर साहेबांनी नव्हे. ते सीडी तयार करताना खाल्ले गेले होते.

म्हणजे कधीच गेलेल्या एका माणसावर आम्ही खोटा आळ घेतला होता, आणि तोही मोठ्या जाणकारीच्या आविर्भावात. ती चुटपुट अजून गेलेली नाही. आजचं व्याख्यान एका अर्थी त्याची भरपाई आहे.

आधी थोडी ओळख, कारण सगळ्यांनाच हा प्रकार माहीत असेल असं नाही. विल्यम श्वेंक गिल्बर्ट हे नाटककार, आर्थर सलिव्हन हे संगीतकार. १८७१ ते १८९६ या पंचवीस वर्षांत दोघांनी मिळून चौदा ऑपेरा लिहिले. त्यांना एकत्र आणून बांधून ठेवणारा निर्माता म्हणजे रिचर्ड डॉयली कार्ट. त्याने यांच्या खेळांसाठी १८८१ मध्ये लंडनला सॅव्हॉय थिएटर बांधलं, आणि ते पूर्णपणे विजेच्या दिव्यांनी उजळलेलं पहिलं नाट्यगृह ठरलं. हे ऑपेरा ‘विनोदी’ किंवा ‘हलके’ म्हणवले जातात, म्हणजे त्यांत गद्य संवाद आहेत, उपहास आहे, उलटापालटीची कथानकं आहेत. आपल्याकडे संगीत नाटक म्हटल्यावर जी घडी डोळ्यांसमोर येते, म्हणजे थोडं बोलणं आणि मग पद, ती घडी इथेही आहे. एक योगायोग सांगतो. ‘पायरेट्स’ लंडनला लागलं एप्रिल १८८० मध्ये, आणि अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’चा प्रयोग पुण्यात झाला त्याच वर्षीच्या ३१ ऑक्टोबरला. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण एकाच वर्षी दोन शहरांत लोक तिकीट काढून गाणं आणि बोलणं एकत्र ऐकायला बसले होते, ही गोष्ट आम्हाला आवडते.

या ऑपेरांतला एक खास प्रकार म्हणजे ‘पॅटर’ गाणं. चाल मुद्दाम साधी, एका सुराभोवती घुटमळणारी. सगळी करामत शब्दांत असते आणि ते प्रचंड वेगाने म्हणायचे असतात. मेजर-जनरल आपल्या ज्ञानाची यादी देतो : इतिहास, गणित, प्राणिशास्त्र, प्राचीन काव्य, सगळं येतं. येत नाही ते एकच, आताच्या काळातलं लष्करी शास्त्र! विनोद इथे आहे. आता ही यादी नीट ऐकू आली नाही तर उरतं काय? एक माणूस घाईघाईत काहीतरी पुटपुटतोय, एवढंच. मोठ्या शोकात्म ऑपेरात शब्द निसटला तरी सूर तुम्हाला रडवू शकतो. विनोदाचं तसं नाही. विनोदात शब्द गेला की सगळंच गेलं.

आता तबकडीकडे येऊ.

१९२५ पूर्वी ध्वनिमुद्रण कर्ण्यातून होत असे. गायक भल्यामोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचा, आवाजाच्या जोरानेच सुई हलायची आणि मेणात रेघ उमटायची. वीज नाही, मायक्रोफोन नाही. या पद्धतीत साधारण अडीच-तीन हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही उमटतच नसे. १९२५ पासून मायक्रोफोन आला आणि ती मर्यादा पाच-सहा हजारांपर्यंत गेली. हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीने १९१७ पासून कर्ण्यावर आणि १९२६ पासून मायक्रोफोनवर हे ऑपेरा क्रमाने काढले. देखरेख रिचर्डचा मुलगा रुपर्ट डॉयली कार्ट याची. बारा इंची तबकडीच्या एका बाजूला चार-साडेचार मिनिटं. एक ऑपेरा म्हणजे दहाएक तबकड्यांची चळत. त्यातही गद्य संवाद नाहीत, फक्त गाणी. म्हणजे निम्मा विनोद आधीच घरी राहिलेला. जो उरला तो गाण्याच्या शब्दांत. म्हणून त्याला जपायचं.

आणि ती खरखर कुठून येते? तबकडी बनायची लाखेपासून. ती लाख बव्हंशी आपल्या देशातली, छोटा नागपूरकडच्या पळस-कुसुमाच्या झाडांवरची. पण नुसत्या लाखेची तबकडी टिकत नाही, म्हणून तिच्यात दगडाची बारीक पूड मिसळत. पोलादी सुई त्या पुडीवरून घासत जाते आणि घासल्याचा आवाज येतो. लंडनच्या नाट्यगृहातलं गाणं, आपल्या रानातली लाख आणि दगडाची पूड, असं सगळं एकत्र फिरतंय. तेव्हा त्या खरखरीला अगदीच परकी समजू नका.

आता मुद्द्याची गोष्ट. फोनवर नाव सांगताना आपण काय करतो? ‘साने… नाही हो, शाने नाही, साने! स सशाचा!’ असं का करावं लागतं? कारण जुन्या टेलिफोनमधून साधारण तीनशे ते साडेतीन हजार हर्ट्झ एवढाच आवाज पलीकडे जातो. ‘आ’, ‘ए’, ‘ओ’ या स्वरांना तेवढी जागा पुरते. पण ‘स’चा मुख्य जोर चार हजारांच्या वर असतो. तो पोचतच नाही, आणि मग ससा धावून येतो.

याहून गंमत पुढे आहे. ‘स’ म्हणजे भौतिकदृष्ट्या काय? त्याला सूर नाही. हवा दातांच्या फटीतून घासत जाते, तिचा तो आवाज. आणि सुई तबकडीवर घासत जाते, तिचा जो आवाज तोही तसाच. दोघं जुळे भाऊ! आता तुम्ही संगणकाला सांगितलंत, ‘घासल्याचा आवाज काढून टाक’, तर तो बापडा काय करणार? तो सुईचाही काढतो आणि गायकाचाही काढतो. ‘स’ गेला, ‘श’ गेला, ‘फ’ पातळ झाला, ‘त’ आणि ‘ट’ यांची टोकं बोथट झाली. इंग्रजीत तर अनेकवचनं, क्रियापदांची रूपं, यमकांची शेपटं याच वर्णांवर टांगलेली असतात. मागे शांतता आली, आणि जनरलसाहेबांचे दात पडले!

हे आपण ऐकूनच बघू. कृपया कोणीतरी पंखे बंद करा. पाच मिनिटं उकडेल, पण पंख्याचा आवाजही याच भाऊबंदांतला आहे.

(१९२९ च्या ‘पायरेट्स’मधील मेजर-जनरलचे गाणे : प्रथम जास्त साफ केलेली प्रत, नंतर कमी साफ केलेली प्रत.)

माना हलल्या ते पाहिलं. पहिल्या प्रतीत हसू कुठे आलं? शेवटी, वेग वाढला तेव्हा. वेगाला हसलो आपण. दुसऱ्या प्रतीत, ज्यांना इंग्रजी समजतं ते आधीच दोन-तीन ठिकाणी हसले. तो शब्दांना दिलेला प्रतिसाद होता. आमच्या मते रिमास्टरिंगचं समीक्षण इथून सुरू व्हायला हवं. शांतता किती आहे हे मोजू नका, हसू कुठे येतं ते पाहा.

याचा अर्थ साफ करूच नये असा नाही. तसा हट्ट म्हणजे जुन्या साडीवरची धूळही झटकायची नाही म्हणणं. टिकटिक काढावी, जरूर काढावी. टिकटिक म्हणजे ओरखडा. तो क्षणभराचा असतो, त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा आवाज पाहून मधली जागा भरता येते आणि गाण्याला धक्का लागत नाही. संगणक आल्यापासून हे काम फार सुरेख होतं. सतत चालणारी सळसळ मात्र वेगळी. ती थोडी कमी करावी आणि थांबावं. कुठे थांबायचं हे यंत्र सांगत नाही, कान सांगतो. खरं तर उत्तम काम संगणकाच्या आधीच झालेलं असतं : चांगली प्रत शोधणं, ती धुणं, खाचेच्या रुंदीला जुळणारी सुई निवडणं. एकाच साच्यातून निघालेल्या तबकड्यांतही फरक असतो. अमेरिकेत छापलेल्या काही प्रती इंग्लंडमधल्यांपेक्षा पुष्कळ कमी खरखरतात, म्हणून जाणते लोक त्या हुडकत फिरतात. हे कष्टाचं काम आहे आणि वेष्टनावर ते दिसत नाही. वेष्टनावर दिसतो तो ‘रिमास्टर्ड’ हा एकच शब्द.

दुसरी गोष्ट वेगाची. तबकडीवर ७८ लिहिलेलं असलं तरी ती ७८ फेऱ्यांनीच कोरली होती याची खात्री नाही, विशेषतः कर्ण्याच्या काळात. समजा ७४ ने कोरली आणि आपण ७८ ने वाजवली. वेग सुमारे साडेपाच टक्के वाढला आणि सूर जवळजवळ अर्ध्या पट्टीने चढला. सूर चढला की आवाज पोरकट होतो. आणि पॅटर गाण्यात आणखी घोटाळा होतो, कारण वेग वाढल्याने गायक होता त्याहून चपळ वाटतो. आम्ही अशा फसव्या चपळाईला टाळ्या दिलेल्या आहेत, हेही कबूल करून टाकतो. यावर उपाय आहे. या ऑपेरांची स्वरलिपी छापील मिळते. गाणं कोणत्या सुरात आहे हे पाहायचं आणि पेटीवर पडताळायचं. जुळलं तर ठीक, नाही तर उतरवणाऱ्याने आळस केला.

आता दोष खूप झाले. आनंदाकडे येऊ, कारण आपण ऐकतो ते आनंदासाठी.

(१९३० च्या ‘एच.एम.एस. पिनाफोर’मधील सर जोसेफ पोर्टर यांचे आत्मवृत्तपर गाणे.)

हे हेन्री लिटन. तेव्हा वय पासष्टच्या घरात. पात्र आहे आरमाराचे मंत्री सर जोसेफ यांचं. वकिलाच्या कचेरीत दाराच्या मुठी घासून पुसण्यापासून सुरुवात, पुढे टप्प्याटप्प्याने मंत्रिपद, आणि या सगळ्या प्रवासात जहाजावर पाय म्हणून ठेवलेला नाही! लिटन यांचा आवाज मोठा नाही, गोडही नाही. पण ऐका, घाई कुठेच नाही. ओळ संपते, क्षणभर थांबतात, मग कोरस तीच गोष्ट भाबडेपणाने पुन्हा म्हणतो. तो थांबण्याचा क्षण म्हणजे विनोद. काही लोक जुन्या ध्वनिमुद्रणाला नंतर कृत्रिम घुमारा चढवतात, मोठ्या सभागृहात गातायत असं वाटावं म्हणून. तो घुमारा नेमका याच रिकाम्या क्षणात ओघळतो आणि थांबणं बुजवून टाकतो.

लिटन यांना ऐकण्याचं आणखी एक कारण आहे. ते १८८४ मध्ये डॉयली कार्ट कंपनीत आले. १८८७ मध्ये ‘रुडिगोर’ चालू असताना मुख्य विनोदी नट जॉर्ज ग्रॉसस्मिथ आजारी पडले आणि लिटन त्यांच्या जागी उभे राहिले. गिल्बर्ट स्वतः तालीम घेत त्या काळातला हा माणूस. गिल्बर्टना तालमीत नटाने पदरचं काही घातलेलं खपत नसे. या कंपनीकडे १९६१ अखेरपर्यंत हक्क होते, त्यामुळे इंग्लंडमधल्या व्यावसायिक रंगभूमीवर हीच परंपरा चालली. तिच्यात साचलेपणाही आला, ते खरंच आहे. पण लिटन यांच्या आवाजात ती अजून जिवंत आहे. त्याच ‘पिनाफोर’मध्ये बटरकपचं काम करणाऱ्या बर्था लुईस. काय खणखणीत ठाय आवाज! पुढच्याच वर्षी, १९३१ मध्ये, मोटार अपघातात त्या गेल्या. मोटार लिटन चालवत होते. हे कळल्यापासून या दोघांना एकत्र ऐकताना आम्हाला नुसतं हसता येत नाही.

आणि आता आपले बेकर साहेब. १९१७ मध्ये सुरू झालेल्या ‘मिकाडो’च्या ध्वनिमुद्रणात ते कर्ण्यात तोंड घालून गायले. १९२९ मध्ये ‘पायरेट्स’ मायक्रोफोनसमोर, संचालक तरुण माल्कम सार्जंट. त्यानंतर तीसेक वर्षांनी पुन्हा तेच गाणं, तेच संचालक, या वेळी स्टीरिओत, आणि बेकर पंचाहत्तरीचे! म्हणजे कर्णा, मायक्रोफोन आणि स्टीरिओ, ध्वनिमुद्रणाचे तिन्ही जमाने एका गळ्यात. गंमत म्हणजे नाट्यगृहात डॉयली कार्ट कंपनीचे ते नट नव्हतेच, त्यांचं हे सारं काम मुख्यतः तबकडीवरचं. त्या शेवटच्या ध्वनिमुद्रणात आवाज वाळलाय, पण शब्द? एकही गळत नाही. ते ऐकल्यावर आमच्यातला एक जण म्हणाला, ‘पंचाहत्तरीत जो शब्द खात नाही, तो चव्वेचाळिशीत कशाला खाईल?’ हा प्रश्न आम्हाला आधी सुचायला हवा होता.

आणखी एक प्रकारची सफाई आहे, तिच्याबद्दल बोलणं भाग आहे. ‘द मिकाडो’ (१८८५) जपानी पोशाखात इंग्रजांचीच थट्टा करतो. तरी तो पोशाख कोणाचा, हा प्रश्न आजचा नाही. १९०७ मध्ये जपानी राजपुत्राच्या भेटीच्या वेळी सरकारने त्याच्या प्रयोगांवर काही आठवडे बंदी घातली होती. मूळ गाण्यांत दोन ठिकाणी कृष्णवर्णीयांसाठी अपमानकारक शब्द होता. तो १९४८ मध्ये कंपनीने बदलला. पण १९२६ आणि १९३६ च्या ध्वनिमुद्रणांत तो आहे. मग नव्या प्रतीत तो कापावा का? आमच्यात यावर दोन तट पडले. एक जण म्हणाला, मला तो ऐकताना लाज वाटते. दुसरा म्हणाला, वाटायलाच हवी, म्हणून तो ठेवा. शेवटी आम्ही इथवर आलो : ध्वनिमुद्रण हा दस्तऐवज आहे, त्यातला शब्द कापू नये, पण ऐकवणाऱ्याने आधी सांगावं. रंगमंचावर मात्र तो शब्द परत आणायचं काही कारण नाही. लहान मुलांसमोर ती बाजू आम्ही लावत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं साहेबाच्या ऑपेराचं झालं, आम्हाला काय त्याचं? सांगतो. आपली जुनी नाट्यपदंही याच लाखेवर आहेत, तीन-सव्वातीन मिनिटांत बसवलेली. आज ती फोनवर सहज मिळतात, आणि बहुतेकदा कुणीतरी ‘स्वच्छ’ केलेली असतात. मग एखादा मुलगा ऐकतो आणि म्हणतो, ‘जुन्या लोकांचे शब्द कळतच नाहीत.’ कदाचित त्याचं खरंही असेल. पण तो निकाल ऐकला की आम्हाला आमचा निकाल आठवतो, आणि आम्ही आधी विचारतो, ‘बाळा, कुठली प्रत ऐकलीस?’

सलिव्हन यांनी १८८८ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनमध्ये एका जेवणानंतर एडिसनचा फोनोग्राफ ऐकला आणि त्यातच आपलं मत बोलून ठेवलं. मतलब असा, की हा शोध पाहून मी थक्क झालोय आणि धास्तावलोही आहे, कारण आता पुष्कळ वाईट संगीत कायमचं जपलं जाईल. त्यांची धास्ती खरी ठरली हे आपण रोजच ऐकतो. पण चांगलं संगीत जपून ठेवलं जाईल आणि मग जपण्याच्या नावाखाली खरवडलं जाईल, ही शक्यता त्यांना दिसली नव्हती. आणि त्यांचा तो आवाज आजही ऐकता येतो, भयंकर खरखरीतून.

शेवटी, घरी जाऊन करायची एक गोष्ट. या ऑपेरांचं जुनं ध्वनिमुद्रण निवडलंत की ते कोणी आणि कशावरून उतरवलंय याची नोंद आहे का, पाहा. नंतर गाण्याचे छापील शब्द समोर ठेवून ऐका. पहिली दोन मिनिटं खरखरच ऐकू येईल, धीर धरा. कान हळूहळू तिच्या पलीकडे जातो, पावसात छपरावरचा आवाज विसरून आपण गप्पा मारतो तसा. मग एकेका ‘स’वर बोट ठेवत जा. सापडला की ती प्रत ठेवा.

पंखे अजून बंदच आहेत ना? असू द्या. प्रश्नोत्तरांच्या आधी १९२९ चे बेकर साहेब पुन्हा एकदा ऐकू, खरखरीसकट. या वेळी हसायचं ते शब्दांना.

(ध्वनिमुद्रण. त्यानंतर प्रश्नोत्तरे.)